पायातली गुठळी मेंदूत कशी गेली?

पायाला सूज आली, मग दम लागला आणि दोन दिवसांत तोंड वाकडं होऊन लकवा मारला, असं कुणी सांगितलं तर आपण काय म्हणू? संकटं एकामागोमाग येतात म्हणू, कुणी नजर लागली म्हणेल. पाय कुठे आणि मेंदू कुठे! पण या तिन्ही गोष्टी एकाच रक्ताच्या गुठळीचा प्रवास असू शकतात, बरं का. हा प्रवास ज्यांच्यामुळे समजला त्या रुडॉल्फ फिरखो यांच्याबद्दल आज लिहायचं आहे. आपल्याकडे डॉक्टरीची मुलं त्यांना 'विर्चो' म्हणतात; जर्मन उच्चार फिरखो. या पानावर एका जर्मन पुरुषाचं चरित्र कशाला, असं वाटेल. पण थोडा धीर धरा, गोष्ट एका बाईपाशी पोचणार आहे.

फिरखो जन्मले 13 ऑक्टोबर 1821 रोजी, पोमेरेनियातल्या शिव्हेलबाइन या लहानशा गावात. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. आईवडिलांचं एकुलतं एक लेकरू. घरी शेती, वडील गावच्या नगरपालिकेचे खजिनदार, पैशाची मात्र कायम ओढाताण. मुलगा हुशार म्हणून बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत त्याला सरकारी खर्चाने शिकायला मिळालं. 1843 मध्ये तो डॉक्टर झाला आणि शारिटे या मोठ्या रुग्णालयात लागला. काम कुठलं, तर मेलेल्या रुग्णांची शवचिकित्सा! बावीस वर्षांच्या पोराला ते नकोसं वाटायला हवं, पण तो त्यातच रमला.

त्या काळी एक मत पक्कं होतं. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी सापडली, की ती तिथेच, त्या जागी सूज येऊन तयार झाली असं मोठमोठे डॉक्टर मानत. फिरखोंना ते पटेना. अशा रुग्णांच्या पायांच्या, ओटीपोटाच्या शिरा त्यांनी उघडून पाहिल्या, तर तिथेही गुठळ्या! मग त्यांनी कुत्र्यांच्या मानेतल्या शिरेत रबराचे तुकडे सोडले. ते थेट फुप्फुसात जाऊन अडकलेले सापडले. (आज वाचताना त्या कुत्र्यांची दया येते, पण तो काळच तसा होता.) शिरेत बनलेली गुठळी सुटते आणि रक्ताबरोबर वाहत फुप्फुसात पोचते, हे त्यांनी 1846 मध्ये मांडलं. गुठळी बनण्याला थ्रॉम्बोसिस आणि ती वाहत जाऊन अडकण्याला एम्बॉलिझम हे आजच्या रिपोर्टातले शब्द त्यांनीच रूढ केले. तेव्हा त्यांचं वय होतं पंचवीस.

हा माणूस नुसता शवागारात बसणारा नव्हता. 1848 मध्ये अप्पर सायलेशिया या गरीब भागात टायफस तापाने माणसं मरत होती. सरकारने फिरखोंना पाहणीला पाठवलं. औषधांची यादी येईल अशी साहेबांची अपेक्षा असेल, पण फिरखोंनी लिहिलं की या लोकांना शिक्षण द्या, रस्ते द्या, शेती सुधारा आणि कारभार त्यांच्या हाती द्या. परत आले, तर बर्लिनमध्ये क्रांती पेटलेली. हे तिथेही आघाडीवर! व्हायचं तेच झालं, सरकारची मर्जी गेली आणि 1849 मध्ये त्यांना बर्लिन सोडून व्युर्त्सबुर्गला जावं लागलं. पुढच्याच वर्षी रोझ मायर त्यांची बायको झाली. नवऱ्यावर सरकारचा राग, घर परक्या गावात, अशात तिने संसार मांडला. पुढे त्यांना सहा मुलं झाली. चरित्रांमध्ये रोझबद्दल फार थोडं सापडतं, हे मला नेहमीच खटकतं.

1856 मध्ये बर्लिनने त्यांना सन्मानाने परत बोलावलं. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासून बनते आणि आजार पेशीत सुरू होतो, हे सांगणारं त्यांचं पुस्तक 1858 मध्ये आलं. नगरपालिकेत निवडून गेल्यावर त्यांनी शहराला भुयारी गटारं मिळावीत म्हणून वर्षानुवर्षं नेट लावला. 1865 मध्ये तर बिस्मार्कने चिडून त्यांना द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. यांनी सरळ नकार दिला.

एक गोष्ट मात्र त्यांच्या नावाला शोभत नाही. व्हिएन्नात सेमेलवाइस नावाचे डॉक्टर जीव तोडून सांगत होते, की बाळंतिणीला हात लावण्याआधी डॉक्टरांनी हात धुवा, म्हणजे बाया तापाने मरणार नाहीत. फिरखोंनी त्यांना साथ दिली नाही. त्यांच्या शब्दाला केवढं वजन होतं! तो शब्द बाजूने पडला असता तर किती बाळंतिणी वाचल्या असत्या, हा विचार मनातून जात नाही.

आता त्या बाईकडे येऊ. फिरखोंच्या सिद्धान्तात एक कोडं उरत होतं. पायातली गुठळी फुप्फुसाच्या चाळणीत अडकते, हे ठीक. मग काही जणांच्या मेंदूत ती कशी पोचते? याचं उत्तर त्यांचेच एकेकाळचे सहायक युलिउस कोनहाइम यांनी 1877 मध्ये दिलं. पस्तीस वर्षांची एक बाई लकव्याने गेली होती. ऐन उमेदीचं वय! शवचिकित्सेत तिच्या मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होती. हृदयाच्या डाव्या बाजूच्या झडपा चांगल्या होत्या, पायाच्या शिरेत मात्र लांबलचक गुठळी सापडली. कोनहाइम यांनी हृदय तपासलं, तर वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला तीन बोटं सहज जातील एवढं भोक! तिचं नाव आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

हे भोक आपल्या सगळ्यांनाच असतं, आईच्या पोटात असताना. तिथे बाळाची फुप्फुसं काम करत नाहीत, म्हणून रक्त या वाटेने उजवीकडून डावीकडे जातं. जन्मल्यावर बाळ रडतं, श्वास घेतं आणि पडदा मिटतो. पण साधारण चारांतल्या एकाचा तो पुरता चिकटत नाही. दार लोटलेलं असतं, कडी लागलेली नसते. यातल्या बहुतेकांना जन्मभर काहीही त्रास होत नाही. मात्र फुप्फुसात मोठी गुठळी अडकली, की पुढची वाट तुंबते, हृदयाच्या उजव्या बाजूला दाब चढतो आणि ते दार ढकललं जातं. मागून येणारी गुठळी मग फुप्फुसाला बगल देऊन थेट मेंदूकडे निघते. फ्रान्समध्ये फुप्फुसात गुठळी झालेल्या रुग्णांच्या मेंदूचे एमआरआय काढले गेले. 2019 च्या त्या अहवालात भोक असलेल्यांपैकी शंभरी 21 जणांना नुकताच झटका येऊन गेल्याचं दिसलं. भोक नसलेल्यांत हे प्रमाण शंभरी पाच-सहा होतं. काहींना तर तो कळलाही नव्हता!

म्हणून बाळंतपण, मोठं ऑपरेशन किंवा प्लास्टर यानंतर एकच पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक धाप लागली, तर तेल चोळत घरी बसू नका. चोळणं तर नकोच. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडी वळली, तर त्याच घटकेला मोठं हॉस्पिटल गाठा. डॉक्टर रक्त पातळ करणारी औषधं देतात. टूडी इको करताना शिरेतून बारीक बुडबुडे सोडून ते दार उघडं आहे का, हेही आता पाहता येतं.

फिरखो ऐंशी वर्षांचे झाले तरी स्वस्थ बसले नव्हते. 4 जानेवारी 1902 रोजी बर्लिनच्या लाइपझिगर रस्त्यावर त्यांनी चालत्या ट्राममधून उडी मारली आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. अशा मोडलेल्या हाडाच्या म्हाताऱ्या रुग्णाला आज गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शनं देतात, लवकर उठवून बसवतात. तेव्हा यातलं काही नव्हतं. आठ महिने त्यांची तब्येत खालावत गेली आणि 5 सप्टेंबर 1902 रोजी हृदय थकून ते गेले. रोझ त्यांच्यामागे दहा वर्षांहून थोडी अधिक जगली. बर्लिनच्या दफनभूमीत दोघांची कबर एकच आहे.