‘कमवा’ या शब्दाचे काय झाले?

पांढरी दाढी, अंगावर खादी आणि हातात काठी असे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चित्र महाराष्ट्रातील असंख्य शाळांच्या भिंतींवर टांगलेले आहे. दरवर्षी २२ सप्टेंबरला त्याला हार घातला जातो, भाषणे होतात आणि चित्र पुन्हा वर्षभर भिंतीवर राहते. हे चित्र खोटे नाही; पण ते त्यांच्या उत्तरायुष्याचे आहे. त्यापूर्वीचे भाऊराव कंदिलाच्या काचा आणि लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडणारे फिरते विक्रेते होते, याचे स्मरण सहसा कोणी करून देत नाही. शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या अंगी काही कर्तबगारी आणि चार लोकांत उभे राहण्याचा धीर असावा, अशी चर्चा आज सर्वत्र चालू असताना त्यांच्या चरित्राकडे या विस्मृत टोकाकडून पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

भाऊरावांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे एका जैन शेतकरी घराण्यात झाला. वडील सरकारी नोकरीत कारकून होते. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात आले आणि जैन बोर्डिंगात राहू लागले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. पुढे १९१४ मध्ये कोल्हापुरात गाजलेल्या डांबर प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांचा छळ झाला. ती त्यांनी दिली नाही. हे सारे प्रसंग चरित्रकारांनी विस्ताराने सांगितलेले आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. हा तरुण मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झालेला नव्हता. सरकारी नोकरीचा दरवाजा त्याला बंद होता आणि पोट तर भरावयाचे होते.

साताऱ्यास त्यांनी शिकवण्या केल्या. नंतर ओगल्यांच्या कारखान्यातील काचमाल आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्याचे काम पत्करले. त्या काळी लोखंडी नांगर विकणे म्हणजे केवळ मालाचा खप करणे नव्हते. लोखंडामुळे जमिनीत विष कालवले जाते, असा शेतकऱ्यांत समज होता. तो दूर करावयाचा तर शेतकऱ्याशी त्याच्याच भाषेत बोलणे भाग होते. भाव ठरवणे, उधारी वसूल करणे, मुक्कामाला ओळख नसलेल्या घरी राहणे, नकार ऐकूनही दुसऱ्या दिवशी त्याच ओट्यावर जाऊन बसणे, हे फिरत्या विक्रेत्याच्या पेशातच येते. सातारा जिल्ह्याचा खेडोपाड्याचा भूगोल भाऊरावांना पाठ झाला तो या फिरतीत, आणि शेतकऱ्याचा पोरगा शाळेत का जात नाही हेही त्यांना कळले ते तिथेच. पुढे धनजीशा कूपर यांच्या सातारा रोड येथील नांगराच्या कारखान्याशी त्यांचा संबंध आला. शिक्षणकार्याला मिळावयाच्या मदतीवरून दोघांचे बिनसले आणि भाऊराव तेथून बाहेर पडले. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्यास हलवले. तेथील वसतिगृहाला १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. सर्व जातींची मुले एका छताखाली राहत, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करीत आणि एका पंक्तीला बसून जेवत. त्या काळातील साताऱ्यात ही गोष्ट पचनी पडणे किती अवघड होते, याची कल्पना आज सहज येणार नाही. धान्य येई ते खेड्यांतून, मुष्टिफंडातून. घरोघरच्या बायका दळताना मूठभर धान्य बाजूला काढीत. तेही पुरेनासे झाले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकामागून एक दिले आणि अखेरीस मंगळसूत्रही मोडले. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला दोन-चार परिच्छेद येतात, हे काही न्यायाचे वाटत नाही.

भाऊरावांच्या योजनेचे मर्म नेमके कशात होते? श्रमाला शिक्षणात स्थान देण्याची कल्पना त्या पिढीत इतरांनीही मांडली होती. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींची मूलोद्योगी शिक्षणाची योजना पुढे आली. तिच्यात चरखा, शेती किंवा सुतारकाम हे शिकवण्याचे माध्यमच होते; गणित आणि भूगोल हेदेखील त्या उद्योगातून यावेत, अशी अपेक्षा होती. भाऊरावांनी अभ्यासक्रमाला हात लावला नाही. त्यांच्या शाळेतील मुलगा शहरातल्या मुलाचेच इंग्रजी, तेच बीजगणित शिकून तीच मॅट्रिकची परीक्षा देई. कुणब्याच्या मुलाने अधिक चांगला कुणबी व्हावे एवढाच त्यांचा हेतू नव्हता. त्याने मामलेदाराच्या खुर्चीवर बसावे असेही त्यांना वाटत होते. मग श्रम कशासाठी? तर शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी. सकाळी शेतात राबलेला मुलगा दुपारी वर्गात बसला तर तो कोणाच्या मेहेरबानीने बसलेला नसे. शेतातील काम हीच त्याची फी होती.

वरवर पाहता हा हिशेबाचा प्रश्न वाटेल. वस्तुतः त्या मुलांच्या ठिकाणी जो आत्मविश्वास आला त्याचे मूळ याच हिशेबात आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. दानावर शिकलेल्या मुलाच्या मनात उपकाराचे ओझे राहते आणि ते ओझे वाकून चालायला शिकवते. उलट, आपल्या भाकरीची किंमत आपण चुकती केली आहे हे ज्याला ठाऊक असते तो साहेबासमोर उभा राहताना चाचरत नाही. शिवाय काम खरे होते. पाणी वेळेवर दिले नाही तर पीक वाळे, भाकरी करपली तर पंक्तीला करपलेलीच मिळे. गुण देणारा परीक्षक तेथे नव्हता.

१९३५ मध्ये साताऱ्यास प्राथमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय निघाले. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज ही श्रमावर आधारलेली मोफत शिक्षणाची ठिकाणे उभी राहिली. महाविद्यालयीन विद्यार्थ्याने हातात कुदळ घ्यावी, हे पाहून पुण्या-मुंबईच्या अनेकांनी नाके मुरडली असणार. १९४८ मध्ये भाऊरावांच्या एका भाषणावरून खेर मंत्रिमंडळाने संस्थेचे अनुदान बंद केले, तेव्हा लोकांनी मदत दिली आणि कालांतराने सरकारला अनुदान पुन्हा सुरू करावे लागले. ९ मे १९५९ रोजी भाऊराव निवर्तले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची सन्माननीय डी. लिट. मिळाली होती. मॅट्रिक न झालेल्या माणसाच्या संस्थेकडे तेव्हा शंभराच्या घरात माध्यमिक शाळा होत्या.

या योजनेवर घेतला जाणारा एक आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. गरिबाच्या पोराने राबून शिकावे आणि श्रीमंताच्या पोराने नुसते शिकावे, हा कोणता न्याय? शिक्षण मोफत देणे हे शासनाचे कर्तव्य असेल तर मुलाकडून श्रम का घ्यायचे? भाऊरावांच्या काळी याचे उत्तर सोपे होते : श्रम नाही तर शिक्षणही नाही. अनुदाने वाढली, फीमाफी आली, शिष्यवृत्त्या आल्या आणि ते उत्तर निरुपयोगी झाले. हे चांगलेच झाले. पण फी गेली तिच्याबरोबर कुदळही गेली, आणि तिच्या जागी काय आणावयाचे याचा विचार कोणी केला नाही. सातारा-सांगलीकडच्या खेड्यांतून शिकून शिक्षक आणि कारकून झालेल्या पिढीने आपल्या मुलांना मातीपासून जपून दूर ठेवले. तिला दोष कसा द्यावा? ज्याने ऊन सोसले तोच सावलीची किंमत जाणतो.

कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा पुरस्कार केला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याची शिफारस केली. पुढे काय झाले हे प्रत्येक शिक्षक जाणतो. कार्यानुभव वेळापत्रकात आला, एका तासिकेत कागदाची फुले झाली, वर्षअखेर श्रेणी भरली गेली. ती फुले कोणी विकत घेत नव्हते आणि ती बिघडली तर कोणाचे काही अडत नव्हते. शिक्षकाला जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामे देऊन वर हा विषयही जीव ओतून शिकवण्याची अपेक्षा करणे हास्यास्पदच आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडली आहे. या दिवसांत मुलांनी स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन काम पाहावे आणि करावे, असे तिचे स्वरूप आहे. कल्पना चांगली आहे. पण कुंभाराच्या चाकाभोवती उभे राहून छायाचित्र काढून परतणाऱ्या मुलांना त्यातून सहलीपलीकडे काय मिळणार? त्यापेक्षा शाळेतच खरी आणि अडणारी कामे पुष्कळ पडलेली असतात. शालेय भांडाराचा जमाखर्च आठवीच्या मुलांकडे द्यावा. स्नेहसंमेलनाच्या मांडवाचा भाव त्यांना ठरवू द्यावा. बाकाचा मोडलेला पाय त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यावा. परसबागेतील भाजी बाजारात नेऊन विकून आलेले पैसे मोजून द्यायला सांगावे. यात दहा-वीस रुपयांची खोट येईल, एखादा बाक पुन्हा मोडेल. त्या खोटीचा खुलासा मुख्याध्यापकाला लेखापरीक्षकापुढे करावा लागतो, म्हणूनच आज कोणी त्या वाटेला जात नाही. धोरण आखणाऱ्यांनी दिवसांची संख्या ठरवली आहे; दरसाल प्रत्येक शाळेला अशा नुकसानीसाठी थोडी रक्कम हिशेबात मान्य करण्याचा निर्णयही त्यांनी घेतला, तर निदान मुख्याध्यापकांची भीती जाईल.