शिकलगार ते सितारमेकर : मिरजेचे फरीदसाहेब

कोल्हापुरात गाण्याच्या बैठकीला गेलो की गायकाच्या मागे ठेवलेला तंबोरा कुठला, हे आम्ही हमखास विचारतो. उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं, मिरजेचा. हे काम मिरजेत रुजवलं ते फरीदसाहेब शिकलगार यांनी.

शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणारा. शब्द अरबी सैकलवरून आलेला. इंग्रजी अंमल पक्का झाला, लढाया थांबल्या आणि तलवारीला गिऱ्हाईक उरलं नाही. मिरजेच्या पटवर्धन दरबाराला मात्र गाण्याचा शौक होता. 1850च्या सुमारास फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ मोहिनुद्दीन वाद्यं दुरुस्त करता करता ती घडवायलाही लागले. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, दांडी लाकडाची. खरी कसोटी घोडीवरच्या जवारीची. तो पृष्ठभाग इतका बारीक घासायचा की तार हलकेच टेकून गुंजली पाहिजे. पात्याला झिलई देणाऱ्या हाताला ही घासणी काही परकी नव्हती, असं आम्हाला वाटतं.

पुढे घराण्याचं आडनावच झालं सितारमेकर. पण मिरजेचं नाव गाजलं ते जास्त तंबोऱ्यामुळे! वाद्यांच्या नावांचीही अशीच गंमत आहे. सितार म्हणजे फारसीत सेह-तार, तीन तारा. आजच्या सितारीला वाजवायच्याच सहा-सात, शिवाय खाली तरफेच्या वेगळ्या. तंबोरा हा शब्द इराण-तुर्कस्तानच्या तंबूरवरून आला. तिकडच्या तंबूरला पडदे असतात, त्यावर धून वाजते. आपल्या तंबोऱ्याला पडदे नाहीत, चार मोकळ्या तारा नुसता सूर धरतात. वाद्यांची वर्गवारी करणारे अभ्यासक नावाकडे न बघता बांधणी बघतात आणि सितार, तंबोरा दोघांना लांब दांडीच्या ल्यूट कुळात बसवतात. ल्यूट हा शब्दही अरबी अल-ऊदचाच. दोन भोपळ्यांची बीन मात्र या कुळात येत नाही, कारण तिथे दांडी हेच मुख्य अंग आणि भोपळे खाली टांगलेले.

फरीदसाहेबांनंतर किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, इकडे कोल्हापूर दरबारात अल्लादिया खाँ. अशा गवयांच्या मुलखात चांगल्या तंबोऱ्याला मागणी कमी कशी पडेल? मिरजेच्या सितारमेकर गल्लीत आजही हेच काम चालतं. 2024 साली मिरजेच्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सरकारदरबारी सितार आणि तानपुरा अशी दोन वेगवेगळी नावं नोंदली गेली.