सर सी. व्ही. रामन : प्रकाशातून रेणू पाहणारे वैज्ञानिक

विद्यार्थी मित्रांनो, २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. ज्यांच्या शोधामुळे हा दिवस ठरला, त्या सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचा परिचय आम्ही येथे देत आहोत.

त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. १९०७ साली ते कलकत्त्यात सरकारी हिशेब खात्यात अधिकारी झाले. कचेरीच्या आधी आणि नंतर ते प्रयोगशाळेत काम करीत. १९१७ मध्ये मोठ्या पगाराची नोकरी सोडून ते कमी पगारावर प्राध्यापक झाले.

१९२१ साली जहाजातून त्यांनी भूमध्य समुद्राची निळाई पाहिली. ते केवळ आकाशाचे प्रतिबिंब आहे, हे त्यांना पटले नाही. पुढे के. एस. कृष्णन यांच्यासोबत साध्या साधनांनी प्रयोग करून २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांनी दाखवले, की रेणूंवरून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी अल्प भाग आपला रंग बदलतो. हा बदल रेणूच्या कंपनांवर ठरतो. त्यामुळे पदार्थ ओळखता येतो. १९३० मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला.

१९३३ साली ते बंगळूरच्या विज्ञान संस्थेचे संचालक असताना कमला भागवत या मराठी मुलीने प्रवेश मागितला. मुलगी म्हणून त्यांनी तो नाकारला. कमलाताईंनी हट्ट सोडला नाही, तेव्हा अटी घालून प्रवेश दिला. त्यांचे काम पाहून रामन यांनी मत बदलले आणि पुढे इतर मुलींनाही दार उघडले. याच कमला सोहोनी १९३९ मध्ये केंब्रिजच्या पीएच. डी. झाल्या.

२१ नोव्हेंबर १९७० रोजी रामन यांचे निधन झाले, पण शोध पुढे चालला. १९७४ मध्ये इंग्लंडात दिसले, की खडबडीत चांदीवर बसलेल्या रेणूंचा हा क्षीण प्रकाश कितीतरी ठळक होतो. रंगद्रव्याचा रेणू चांदीवर आडवा पडला आहे की उभा, हेही त्यावरून कळते, कारण पृष्ठभागाला काटकोनात होणारी कंपने जास्त उठून दिसतात. १९९७ पर्यंत रंगद्रव्याचा एकटा रेणूसुद्धा टिपला गेला.

पेडणे, डिचोलीच्या आमच्या मुला-मुलींनो, ऐकलेले उत्तर पटले नाही तर वर्गात जरूर विचारा. आणि आम्हा शिक्षकांनीही कोणाला दारातून परत पाठवण्यापूर्वी कमलाताईंची आठवण ठेवावी.