असईच्या रणांगणावर घडलेला सेनापती : ड्यूक ऑफ वेलिंग्टन

वॉटर्लूच्या रणांगणावर १८ जून १८१५ रोजी नेपोलियनचा निर्णायक पराभव करणारा सेनापती म्हणून ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाव सर्वांना परिचित आहे. मात्र या सेनापतीची खरी जडणघडण युरोपात नव्हे, तर दख्खनच्या पठारावर झाली, याची जाणीव महाराष्ट्रातही फार थोड्यांना असते. आयुष्याच्या उत्तरार्धात, आपली सर्वांत सरस लढाई कोणती, असे विचारले असता त्याने वॉटर्लूचे नव्हे, तर असईचे नाव घेतले होते. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातले हे लहानसे गाव त्याला अखेरपर्यंत विसरता आले नाही. तेथे मिळालेल्या विजयाइतकीच त्या विजयाची किंमतही त्याच्या स्मरणात राहिली असावी.

दुर्लक्षित मुलगा

आर्थर वेलस्लीचा जन्म १७६९ मध्ये आयर्लंडमधील डब्लिन येथे एका सरदार घराण्यात झाला. त्या वेळी या घराण्याचे आडनाव वेस्ली असे होते. वडील संगीताचे जाणकार होते आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचे प्राध्यापकही होते. आर्थर लहान असतानाच, १७८१ मध्ये, त्यांचे निधन झाले. थोरला भाऊ रिचर्ड अत्यंत बुद्धिमान आणि महत्त्वाकांक्षी होता. आर्थरकडून मात्र घरच्यांना फारशी अपेक्षा नव्हती. ईटनच्या प्रसिद्ध शाळेत त्याने काहीच चमक दाखविली नाही. अखेरीस फ्रान्समधील अँजे येथील अश्वारोहण विद्यालयात त्याला पाठविण्यात आले आणि १७८७ मध्ये तो सैन्यात दाखल झाला.

त्या काळी ब्रिटिश लष्करात अधिकारपदे पैसे मोजून विकत घेता येत असत. थोरल्या भावाच्या पैशाच्या बळावर आर्थर अवघ्या २४ व्या वर्षी ३३ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. याच सुमारास किटी पॅकनहॅम या तरुणीला त्याने मागणी घातली. हातात पैसा नाही आणि भविष्याचा भरवसा नाही, म्हणून तिच्या घरच्यांनी ती फेटाळली. आर्थरला व्हायोलिनचे वेड होते. १७९३ मध्ये त्याने आपली व्हायोलिने जाळून टाकली आणि पुढे ते वाद्य हाती धरले नाही. त्यानंतर १७९४ मध्ये फ्लँडर्सच्या मोहिमेवर तो गेला. रसद नाही, नियोजन नाही, वरिष्ठांचा पत्ता नाही, अशा अवस्थेत कडाक्याच्या हिवाळ्यात सैन्याची दैना होताना त्याने पाहिली. सैन्य कसे चालवू नये, याचा धडा त्याला तेथे मिळाला.

बैल, तांदूळ आणि नद्या

फेब्रुवारी १७९७ मध्ये वेलस्ली कलकत्त्यास पोहोचला. पुढच्याच वर्षी रिचर्ड गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला आणि धाकट्या भावाचे दैव उघडले. १७९९ च्या म्हैसूर युद्धात श्रीरंगपट्टणजवळील एका राईवर रात्री केलेला हल्ला वेलस्लीच्या अंगलट आला. अंधारात वाट चुकली, माणसे गमावली. शत्रूच्या जागेची आधी पाहणी केल्याखेरीज रात्री हल्ला करायचा नाही, असा निश्चय त्याने त्यानंतर केला. ४ मे रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान धारातीर्थी पडला. किल्ला सर करणारा जनरल बेअर्ड सेवेने ज्येष्ठ होता. तरीही शहराचा कारभार वेलस्लीकडे सोपविण्यात आला. भावाच्या वशिल्याची चर्चा झाली, ती अकारण नव्हती.

मात्र मिळालेल्या संधीचे त्याने चीज केले. १८०० मध्ये धोंडजी वाघ या बंडखोराचा त्याने अनेक आठवडे पाठलाग केला. १० सप्टेंबर रोजी झालेल्या चकमकीत धोंडजी मारला गेला. त्याचा लहान मुलगा छावणीत सापडला, तेव्हा वेलस्लीने त्याला आश्रय दिला आणि त्याच्या पालनपोषणाची तरतूद केली. या मोहिमेत वेलस्लीला एक गोष्ट पक्की कळली. या देशात युद्ध तलवारीइतकेच बैलांवर चालते. चांगले बैल, वेळेवर पोहोचणारा तांदूळ, वंजाऱ्यांच्या तांड्यांशी केलेले रोखीचे व्यवहार आणि नदी ओलांडण्यासाठी कातड्याने मढविलेल्या टोपलीवजा होड्या यांकडे तो जातीने लक्ष देऊ लागला. गावे लुटली तर पुढच्या वेळी धान्य मिळणार नाही, हे ओळखून लूट करणाऱ्या सैनिकांना त्याने कठोर शिक्षा केल्या.

पुण्याची घाई

मराठी राज्याच्या दृष्टीने हा काळ फुटीचा होता. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणे सोडून वसईला इंग्रजांच्या आश्रयास गेला आणि ३१ डिसेंबर रोजी त्याने वसईच्या तहावर सही करून तैनाती फौज पत्करली. त्याला गादीवर परत बसविण्याचे काम वेलस्लीकडे आले. पुणे जाळले जाणार, अशी वार्ता वाटेत येताच घोडदळ घेऊन अखेरचे सुमारे ६० मैल त्याने ३२ तासांत कापले आणि २० एप्रिल १८०३ रोजी तो पुण्यात दाखल झाला. शहर वाचले; पण पेशवाईचे स्वातंत्र्य त्यापूर्वीच संपले होते.

दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांना हा तह मान्य नव्हता. वाटाघाटी फिसकटल्या आणि ऑगस्टमध्ये युद्धाला तोंड फुटले. ८ ऑगस्ट रोजी वेलस्लीने अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) पेठेच्या तटाला शिड्या लावून ती घेतली आणि १२ ऑगस्ट रोजी भुईकोट किल्ला त्याच्या स्वाधीन झाला. पुणे आणि निजामाचा मुलूख यांच्या दरम्यान एक भक्कम तळ त्याच्या हाती आला.

केळणेचा उतार

२३ सप्टेंबर १८०३ रोजी दुपारी वेलस्ली केळणा नदीच्या काठी पोहोचला, तेव्हा समोर शिंदे-भोसले यांची अफाट फौज पसरलेली होती. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी तुकडी वेगळ्या वाटेने येत होती; तिची वाट पाहावी, असे ठरलेले होते. वेलस्लीजवळ कवायती सैन्य जेमतेम साडेचार हजार होते. त्यात दोन स्कॉटिश पलटणी आणि मद्रासच्या शिपायांच्या पलटणी होत्या. म्हैसूरचे आणि पेशव्यांच्या सरदारांचे काही घोडदळ सोबतीला होते. समोर हॅनोव्हरच्या पोलमन या अधिकाऱ्याच्या हाताखालील दहा हजारांवर कवायती पायदळ, हजारोंचे घोडदळ आणि शंभराच्या आसपास तोफा होत्या. थांबल्यास शत्रू निसटेल किंवा आपल्यावरच चालून येईल, असा विचार करून त्याने हल्ल्याचा निर्णय घेतला.

नदीला जवळपास उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे त्याच्या दृष्टीस पडली. अशा गावांमध्ये जाण्या-येण्याची वाट असणारच, एवढ्या साध्या तर्कावर त्याने फौज तिकडे वळविली. उतार खरोखरच निघाला. नदी ओलांडताना त्याच्या शेजारच्या स्वाराचे मस्तक तोफगोळ्याने उडाले. केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात लढाई झाली. पोलमनने आपले पायदळ त्वरेने वळवून नवी आघाडी उभारली. मराठी फौजेला अशी चपळाई जमणार नाही, हा वेलस्लीचा अंदाज साफ चुकला होता.

शिंद्यांच्या गोलंदाजांनी त्या दिवशी दाखविलेली हिंमत शत्रूनेही मान्य केली. अनेकजण तोफांपाशीच लढता लढता पडले. काही मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे सरकताच उठून त्यांच्या पाठीवर तोफा डागू लागले. आदेशाचा अर्थ चुकल्यामुळे ७४ वी हायलँडर पलटण असई गावाच्या तोफांसमोर गेली आणि तिची अक्षरशः चाळण झाली. घोडदळाने तिला वाचविले, पण त्याचा प्रमुख कर्नल मॅक्सवेल पुढच्या हल्ल्यात ठार झाला. वेलस्लीचा एक घोडा ठार झाला, दुसऱ्याला भाला लागला. संध्याकाळपर्यंत ९८ तोफा इंग्रजांच्या हाती आल्या. मात्र त्यांचे दीड हजारांहून अधिक लोक ठार अथवा जखमी झाले होते. हे प्रमाण कवायती सैन्याच्या एक तृतीयांशाइतके होते. मराठ्यांची हानी त्याहून कितीतरी मोठी होती.

मराठ्यांच्या पराभवाचे कारण केवळ वेलस्लीचे धाडस नव्हते. युद्ध सुरू होताच कवायती फौजेतील ब्रिटिश अधिकाऱ्यांना कंपनीने आपल्याकडे ओढून घेतले होते. शिंदे-भोसल्यांचे प्रचंड घोडदळ ऐन वेळी जवळपास निष्क्रिय राहिले. होळकर या युद्धापासून अलिप्त होते. सामान्य गोलंदाज जागेवर उभा राहिला आणि धनी रणांगण सोडून गेले, असे या लढाईचे चित्र आहे. पुढे २९ नोव्हेंबर रोजी अडगाव आणि १५ डिसेंबर रोजी गाविलगड इंग्रजांनी जिंकले. भोसल्यांशी देवगाव येथे, तर शिंद्यांशी सुर्जी अंजनगाव येथे डिसेंबर संपण्यापूर्वीच तह झाले. या मोहिमेत वेलस्लीच्या सोबत असलेला तरुण माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुढे पेशवाईच्या अखेरीचा साक्षीदार आणि मुंबईचा गव्हर्नर झाला.

दख्खनमधून स्पेनकडे

१८०५ मध्ये वेलस्ली मायदेशी निघाला. वाटेत सेंट हेलेना बेटावर ज्या घरी तो उतरला, त्याच घरी दहा वर्षांनी कैदी नेपोलियनचा प्रारंभीचा मुक्काम झाला. इंग्लंडमध्ये त्याला हिणकसपणे शिपायांचा सेनापती म्हटले जाई. १८०६ मध्ये त्याने किटीशी विवाह केला, पण तो संसार सुखाचा ठरला नाही.

१८०८ पासून पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये त्याने फ्रेंचांशी झुंज दिली. भारतात शिकलेले सर्व काही तेथे उपयोगी पडले. फ्रेंच सैन्य मुलूख लुटून पोट भरत असे. वेलस्ली खेचरांच्या तांड्यांवरून रसद आणून धान्याचे मोल देत असे. १८१० मध्ये लिस्बनपुढील टोरेस व्हेड्रासच्या तटबंदीमागे तो माघारी आला आणि उपाशी फ्रेंच फौजेला परतावे लागले. १८१२ मध्ये सालामांका आणि १८१३ मध्ये व्हिटोरिया येथे त्याने निर्णायक विजय मिळविले. मात्र १८१२ मध्ये बादाहोस शहर घेतल्यावर त्याच्या सैनिकांनी तेथील नागरिकांवर केलेले अत्याचार त्याला तत्काळ रोखता आले नाहीत. १८१४ मध्ये तो ड्यूक झाला. वॉटर्लूला त्याच्या हाताखालचे निम्म्याहून अधिक सैन्य ब्रिटिश नव्हते आणि संध्याकाळी ब्लूखरची प्रशियन फौज आली नसती, तर निकाल वेगळा लागता. मृतांची यादी ऐकताना तो रडला. त्यानंतर तो पुन्हा कोणतीही लढाई लढला नाही.

राजकारणातील माघार

१८२८ मध्ये वेलिंग्टन पंतप्रधान झाला. कॅथलिकांना संसदेत बसू देण्यास त्याचा मूळचा विरोध होता. परंतु आयर्लंडमध्ये यादवी पेटेल, हे दिसताच त्याने भूमिका बदलली आणि अनिच्छुक राजाला राजी करून १८२९ मध्ये तो कायदा संमत करून घेतला. या प्रकरणी लॉर्ड विंचिल्सीने केलेल्या आरोपामुळे पंतप्रधान असताना तो द्वंद्वयुद्धास उभा राहिला; सुदैवाने दोघांनीही एकमेकांवर नेम धरला नाही.

मतदानाच्या सुधारणेबाबत मात्र तो एक पाऊलही मागे हटला नाही. ओसाड गावांना संसदेत प्रतिनिधी आणि मँचेस्टरसारख्या शहराला एकही नाही, अशी तेव्हाची व्यवस्था होती. ती उत्तम असल्याचे त्याने नोव्हेंबर १८३० मध्ये जाहीर केले आणि दोन आठवड्यांत त्याचे सरकार कोसळले. एप्रिल १८३१ मध्ये पत्नीचे पार्थिव घरात असताना जमावाने त्याच्या घराच्या काचा फोडल्या. १८३२ मध्ये, वॉटर्लूच्या स्मृतिदिनीच, लंडनच्या रस्त्यावर लोकांनी त्याला घेरले. देशातील जनमत कोणत्या दिशेने वाहते आहे, हे रणांगणावरील नदीचा उतार ओळखणाऱ्या माणसाला उमगले नाही.

पुढे लोकांचा राग निवळला. १४ सप्टेंबर १८५२ रोजी तो निवर्तला. १८ नोव्हेंबर रोजी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्याच्यावर अंत्यसंस्कार झाले, तेव्हा अफाट जनसमुदाय लोटला होता.

निलगिरी पर्वतातील वेलिंग्टन ही छावणी त्याच्याच नावाची. तेथे भारतीय लष्कराच्या मद्रास रेजिमेंटचे केंद्र आहे आणि या रेजिमेंटच्या चिन्हावरील हत्ती असईच्या लढाईची आठवण सांगतो. वेलस्लीसाठी लढलेल्या मद्रासच्या शिपायांची स्मृती अशा रीतीने टिकली आहे. तोफांपाशी प्राण सोडणाऱ्या शिंद्यांच्या गोलंदाजांची नावे मात्र इतिहासाने जपली नाहीत. केळणाकाठच्या त्या शेतांत वेलिंग्टन घडला, हे खरे. पण त्याच्याविरुद्ध उभे राहून त्याला कसोटीस लावणारी माणसे आपली होती, हेही तितकेच खरे आहे.