सेल्सिअसने खडकावर कोरवलेली रेघ

रोजच्या हवामानवृत्तात तापमानाच्या आकड्यामागे सेल्सिअस हा शब्द हमखास येतो. इतक्या सवयीने की ते एका माणसाचे आडनाव आहे याचाच विसर पडावा. स्वीडनमधील उप्साला येथील खगोलशास्त्रज्ञ अँडर्स सेल्सिअस याची ओळख तापमापकापुरती उरली आहे. परंतु काचेच्या नळीचे शंभर भाग पाडण्याच्या अकरा वर्षे आधी, १७३१ मध्ये, याच माणसाने समुद्रातील एका खडकावर पाण्याच्या पातळीची रेघ कोरवून घेतली होती. हवामानबदलाची आजची सारी चर्चा पृथ्वीचे तापमान आणि समुद्राची पातळी या दोन आकड्यांभोवती फिरते. त्या दोन्ही मोजमापांच्या आरंभकाळात हा एकच माणूस उभा असलेला दिसतो.

सेल्सिअसचा जन्म २७ नोव्हेंबर १७०१ रोजी उप्साला येथे झाला. आकाशनिरीक्षण हा या घराण्याचा जणू पिढीजात व्यवसाय होता. आजोबा मॅग्नस सेल्सिअस, आईचे वडील अँडर्स स्पोले आणि वडील निल्स सेल्सिअस हे तिघेही उप्साला विद्यापीठात खगोलशास्त्राचे प्राध्यापक होते. अँडर्सही १७३० मध्ये, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याच पदावर आला. त्याआधीपासूनच तो हवामानाच्या नोंदींत गुंतला होता. उप्सालात १७२२ पासून एरिक बुर्मन यांनी हवामानाच्या नियमित नोंदी सुरू केल्या. त्या कामात तरुण सेल्सिअस त्यांचा साहाय्यक होता. तापमानाच्या जगातील अतिदीर्घ नोंदमालांमध्ये या मालेची गणना होते.

स्वीडनच्या पूर्व किनाऱ्यावर त्या काळी एक विलक्षण तक्रार ऐकू येई. समुद्र मागे हटत आहे, असे कोळी आणि नावाडी सांगत. बोथ्नियाच्या आखातात नद्या जिथे समुद्राला मिळतात तिथे बंदरे वसली होती. ती नदीमुखे दर पिढीगणिक उथळ होत चालली होती. १६२१ मध्ये वसवलेले लुलेओ हे शहर जेमतेम अठ्ठावीस वर्षांत, १६४९ मध्ये, समुद्राच्या दिशेने हलवावे लागले, कारण जुन्या बंदरात जहाजे येईनाशी झाली होती. जिथे आजोबांनी होडी वल्हवली तिथे नातवाने गुरे चारावीत, अशी स्थिती होती. ही केवळ कुतूहलाची गोष्ट नव्हती, व्यापार आणि उपजीविका यांचा तो प्रश्न होता.

सेल्सिअसने या सांगोवांगीला आकड्यांत बांधायचे ठरवले. पण शेदोनशे वर्षांपूर्वीची समुद्रपातळी आज कशी कळणार? त्याला उत्तर सापडले ते सील माशांच्या शिकारीत. मासे म्हणण्याची प्रथा असली तरी सील हा सस्तन प्राणी. पाण्याबाहेर जेमतेम डोके काढणाऱ्या खडकांवर तो विसावतो आणि तिथेच शिकाऱ्याच्या हाती सापडतो. असे खडक ही किनाऱ्यावरील लोकांची मोलाची मालमत्ता असल्याने त्यांची नोंद जुन्या दस्तऐवजांत होई. येव्ले शहराजवळच्या इगन बेटापाशी असलेला असा एक खडक १५६३ च्या सुमारास शिकारीचा होता, म्हणजे त्या वेळी तो पाण्याच्या पातळीला टेकलेला होता. सेल्सिअसच्या काळात तोच खडक पाण्यावर सुमारे आठ फूट उंच उभा होता. तिथे चढणे आता कोणत्याही सीलला शक्य नव्हते. या दोन टोकांवरून त्याने हिशेब केला. वर्षाला सुमारे १.४ सेंटिमीटर, म्हणजे शंभर वर्षांत जवळजवळ दीड मीटर एवढे पाणी उतरत होते.

जुन्या कागदांवर विसंबून काढलेल्या उत्तराची मर्यादा सेल्सिअस जाणून होता. म्हणून त्याने भविष्याची सोय केली. येव्लेजवळच्या लोव्हग्रुंड या बेटावरील अशाच एका खडकावर, पाणी जिथे टेकत होते तिथे, आडवी रेघ आणि १७३१ हे साल कोरवून घेतले. बाल्टिक समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नसल्यामुळे अशी रेघ मारणे शक्य झाले. शास्त्रीय हेतूने मुद्दाम कोरलेल्या जगातील सर्वांत जुन्या समुद्रपातळीच्या खुणांपैकी ही एक होय. उत्तर आपल्या हयातीत मिळणार नाही हे ठाऊक असतानाही प्रश्न नीट मांडून ठेवण्याची ही रीत होती.

पुढच्याच वर्षी सेल्सिअस युरोपच्या प्रवासाला निघाला. बर्लिन, न्यूरेंबर्ग, बोलोन्या, रोम, पॅरिस आणि लंडन अशी ही भ्रमंती चार वर्षे चालली. न्यूरेंबर्ग येथे १७३३ मध्ये त्याने ध्रुवीय प्रकाशाच्या ३१६ निरीक्षणांचा संग्रह प्रसिद्ध केला. पॅरिसमध्ये त्याची गाठ मोपेर्तुई या गणितज्ञाशी पडली. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे की विषुववृत्तापाशी, या वादाचा निकाल लावण्यासाठी फ्रान्समधून मोहीम निघायची होती. सेल्सिअसने त्यासाठी टोर्ने नदीचे उत्तरेकडील खोरे सुचवले, लंडनहून उपकरणे मिळवली आणि १७३६-३७ मध्ये तो स्वतः मोहिमेत सामील झाला. कडाक्याच्या थंडीत गोठलेल्या नदीच्या बर्फावर मूळ रेषा मोजण्यात आली. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्याचे न्यूटनचे अनुमान या मोजणीने खरे ठरवले. मोहिमेचा तळ टोर्ने नदीच्या मुखाशी वसलेल्या टोर्निओ गावात होता, आणि तिथलाही समुद्र उथळ होत चालला होता.

मायदेशी परतल्यावर सेल्सिअसने उप्सालात वेधशाळा उभारली. ती १७४१ मध्ये पूर्ण झाली. पुढच्याच वर्षी त्याने पाण्याचा उत्कलनबिंदू आणि बर्फाचा वितळणबिंदू यांमधील अंतराचे शंभर भाग करणारी तापमापनश्रेणी मांडली. गंमत म्हणजे त्याच्या श्रेणीत उकळते पाणी शून्यावर आणि बर्फ शंभरावर होते. ती उलटी झाली त्याच्या मृत्यूनंतर. तिचे खरे महत्त्व मात्र वेगळेच होते. हवेचा दाब बदलला की उत्कलनबिंदू बदलतो, हे लक्षात घेऊन त्याने दाबाची अट घातली. तापमापक कुठेही बनवला तरी त्याचा आकडा तोच यावा, हा त्यामागचा आग्रह होता.

याच सुमारास, १७४३ मध्ये, पाणी घटत असल्याविषयीचा त्याचा निबंध स्वीडिश विज्ञान अकादमीने प्रसिद्ध केला आणि मोठे वादळ उठले. सेल्सिअसचे स्पष्टीकरण असे, की पाण्याची वाफ होते, ते वनस्पतींत मुरते आणि अखेरीस त्याची माती होते, म्हणून समुद्र आटतो. त्याचा मित्र, थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने या विचाराची बाजू घेतली. धर्मपंडितांना मात्र यात बायबलमधील सृष्टिकथेला बाधा दिसली. बिशप ब्रोवालिउस याने १७५५ मध्ये त्याविरुद्ध आख्खा ग्रंथ लिहिला. त्या वादात उतरायला सेल्सिअस मात्र उरला नव्हता. क्षयरोगाने २५ एप्रिल १७४४ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. जुन्या उप्सालातील चर्चमध्ये आजोबांशेजारी त्याला चिरविश्रांती मिळाली.

सेल्सिअसचे स्पष्टीकरण चुकीचे होते. समुद्र आटत नव्हता, जमीन वर येत होती. १७६५ मध्ये एफ्राइम रुनेबर्ग याने ही शक्यता मांडली. ख्यातनाम भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायल याचा अशा उत्थानावर विश्वास नव्हता. तो १८३४ मध्ये स्वीडनला आला, लोव्हग्रुंडची ती रेघ पाण्याच्या वर गेलेली त्याने पाहिली आणि आपले मत बदलले. कारण उलगडले ते १८६५ मध्ये. हिमयुगात या प्रदेशावर सुमारे तीन किलोमीटर जाडीचा बर्फ साचला होता. त्या ओझ्याखाली दबलेली जमीन बर्फ वितळल्यानंतर हळूहळू वर येत आहे, असा विचार थॉमस जेमिसन याने मांडला. हेगा कुस्टेन या किनाऱ्यावर तर जमीन आतापर्यंत सुमारे २८५ मीटर वर आली आहे. सेल्सिअसने काढलेला वेगही प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट निघाला. तरीही रेघ निरुपयोगी ठरली नाही. सिद्धांत कोसळला तेव्हा तो तपासण्याचे साधन त्याच्याच कर्त्याने मागे ठेवलेले होते.

अर्थात एकटी रेघ पुरत नाही. वारा आणि हवेचा दाब यांमुळे पाणी रोज चढते-उतरते. त्यासाठी वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. स्टॉकहोममध्ये अशा नोंदी १७७४ पासून आहेत आणि समुद्रपातळीची ती जगातील सर्वांत दीर्घ नोंदमाला मानली जाते. तिने आणखी एक गोष्ट उघड केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील पाणी उतरण्याचा वेग वर्षाला सुमारे एक मिलिमीटरने कमी झाला. जमीन पूर्वीच्याच गतीने वर येत होती, पण समुद्रही तिच्यामागून चढू लागला होता. तापमानवाढीची पावले या नोंदमालेत अशी उमटली. जगाची सरासरी समुद्रपातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि २००६ नंतरच्या काळात हा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला. उपग्रह १९९२-९३ पासून ही पातळी अवकाशातून मोजत आहेत. तरी एखाद्या किनाऱ्यावर किंवा नदीमुखाशी नेमके काय घडेल, हे तिथली जमीन उचलते आहे की खचते आहे यावरही ठरते. म्हणूनच किनाऱ्यावरच्या मोजणीला पर्याय नाही. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून झालेल्या नोंदींचे मोलही याच कारणाने मोठे आहे.

आंतरराष्ट्रीय वजन-माप परिषदेने १९४८ मध्ये तापमानाच्या अंशाला सेल्सिअसचे नाव अधिकृतपणे दिले आणि ते घरोघर पोहोचले. लोव्हग्रुंडच्या खडकाला तशी प्रसिद्धी लाभली नाही. पण माणूस काय समजला यापेक्षा त्याने काय प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले हे अधिक काळ टिकते, याची साक्ष तो खडक आजही देतो.