स्वयंपाकघरात जन्मलेला हेडफोन

तुमच्या गळ्यात आत्ता जो हेडफोन लटकतोय ना, तो जरा काढून हातात घ्या. कंपनीचं नाव, चमकणारी अक्षरं, ‘एक्स्ट्रा बास’ वगैरे सगळं बाजूला ठेवा. फक्त डोक्यावर बसणारी ती पट्टी बघा, आणि तुमच्या डोक्याच्या मापाप्रमाणे वरखाली सरकणारे कानाचे दोन भाग. शंभरेक वर्षांपूर्वी एका माणसाने अशीच एक सरकती पट्टी बनवली होती. पेटंट घे, असं त्याला सुचवलं गेलं, तर त्याने चक्क नको म्हटलं. एवढ्याशा गोष्टीचं काय पेटंट घ्यायचं, असं त्याला वाटलं.

त्याचं नाव नथॅनिएल बाल्डविन. हेडफोनचा जनक म्हणून अनेक ठिकाणी त्याचंच नाव येतं.

मी त्याच्यापर्यंत कशी पोचले, तर डोकेदुखीमुळे. इंटर्नशिपचा पहिला स्टायपेंड मिळाला आणि मी दुसऱ्याच दिवशी एक हेडफोन घेतला. खोका एकदम भारी होता. काळा मॅट रंग, त्यावर लाल रेघ. आमचं काम काय, तर सीनियर लोकांनी घेतलेल्या मुलाखती ऐकून टाइप करायच्या. चाळीस मिनिटांत कानामागे चष्म्याची काडी रुतायला लागली, तासाभरात कपाळ ठणकायला लागलं. शिवाय बास इतका की बोलणाऱ्याचे शब्दच त्यात बुडून जायचे. पैसे गेले ते गेलेच. मग चिडून शोधत बसले, की ही वस्तू डोक्याला अडकवायची कल्पना मुळात काढली कोणी? उत्तर अमेरिकेतल्या युटामध्ये सापडलं.

बाल्डविनचा जन्म १ डिसेंबर १८७८चा, युटामधल्या फिलमोर या लहान गावातला. घर मॉर्मन पंथाचं. पोरगा हुशार. तो पुढे स्टॅनफर्डपर्यंत शिकायला गेला आणि परत येऊन भौतिकशास्त्र शिकवायला लागला. सगळं नीट चाललेलं असताना एक गोष्ट आड आली. मॉर्मन चर्चने १८९०मध्ये एकापेक्षा जास्त बायका करण्याची प्रथा अधिकृतपणे थांबवली होती. बाल्डविनला मात्र जुनीच शिकवण खरी वाटायची आणि तो ते लपवायचाही नाही. नोकरी गेली. हा धागा लक्षात ठेवा, तो शेवटपर्यंत त्याच्या गळ्यात आहे.

मग त्याने डोंगरातल्या एका जलविद्युत केंद्रावर काम धरलं. आजूबाजूला पाणी, यंत्रं आणि भरपूर एकांत. ज्याच्या हाताला खटपटीची सवय आहे, त्याला अजून काय पाहिजे?

त्याच्या डोक्यात एक जुना किडा होता. सॉल्ट लेक सिटीत मॉर्मन लोकांचं टॅबरनॅकल नावाचं प्रचंड सभागृह आहे, घुमटासारख्या छताचं, हजारो माणसं मावतील असं. तेव्हा माइक-स्पीकर नव्हतेच. मागे बसणाऱ्याला पुढचं प्रवचन कान देऊनही धड ऐकू यायचं नाही. बाल्डविनलाही यायचं नाही. आवाज मोठा करण्यासाठी त्याने दाबलेल्या हवेचे प्रयोग केले. त्याच नादात तो टेलिफोनच्या रिसीव्हरकडे वळला. बारीकसा आवाज जास्त स्पष्ट कसा पकडायचा, हे त्याचं कोडं झालं.

आता दोन मिनिटं जरा विज्ञान. कंटाळू नका, पुढच्या वेळी इयरफोन घेताना हे कामाला येणार आहे.

तेव्हाच्या साध्या रिसीव्हरमध्ये चुंबकासमोर लोखंडाची पातळ चकती असायची. तिला चुंबक कायम आपल्याकडे ओढून धरायचा. म्हणजे चकती आधीच ताणलेली. त्यात तारेतून आलेल्या क्षीण विजेने तिला हलवायचं, तर ती हलणार किती? बाल्डविनने ओढाताणच मिटवली. त्याने लोखंडाचा एक छोटा तुकडा चुंबकाच्या दोन टोकांच्या मधोमध असा बसवला, की दोन्हीकडची ओढ सारखी. सोनाराच्या तराजूचा काटा आठवा. दोन्ही पारडी सारखी असताना चिमूटभर वजन पडलं तरी काटा झुकतो. तसंच विजेचा बारीकसा झटका आला, की हा तुकडा झुकायचा. त्याला जोडलेली सडपातळ काडी ती हालचाल अभ्रकाच्या चकतीपर्यंत न्यायची आणि आवाज कानात. अभ्रक हलकं आणि कडक, म्हणून ते निवडलेलं.

या रचनेला बॅलन्स्ड आर्मेचर म्हणतात. इन-इयरच्या खोक्यावर हे शब्द वाचलेत ना? तत्त्व हेच, फक्त आता ते तांदळाच्या चार दाण्यांएवढ्या डबीत मावतं. ते असलं म्हणजे आवाज चांगलाच, असं मात्र नाही. स्वस्तातल्या इयरफोनमध्ये चार-चार ड्रायव्हर कोंबलेले असतात आणि ऐकायला बसलं की सगळ्यांची भांडणं. एकच साधा पण नीट बसवलेला ड्रायव्हर परवडला.

तर १९१०. बाल्डविनने आपला हेडफोन अमेरिकी नौदलाकडे पाठवायचं ठरवलं. नौदलच का, तर जहाजावरचा रेडिओ ऑपरेटर. समुद्रात शेकडो मैलांवरून येणारा डिट-डा-डिट संदेश त्याला कानाने टिपायचा असायचा. आवाज मुंगीएवढा, आजूबाजूला इंजिनाची घरघर. एक अक्षर चुकलं तर अर्थ बदलला. चांगल्या हेडफोनची खरी गरज कोणाला असेल तर त्याला.

पण पत्र काय पाठवलं असेल? निळ्या-गुलाबी कागदावर, जांभळ्या शाईने! लेफ्टनंट कमांडर ए. जे. हेपबर्न या अधिकाऱ्याच्या हातात ते पडलं. सरकारी कचेरीत विक्षिप्त संशोधकांची पत्रं येतच असतात. हेही त्यातलंच समजून टोपलीत गेलं असतं तर आज हा लेख नसता. नौदलाने तो हेडफोन निदान लावून बघितला. आणि जे वापरात होतं त्याच्यापेक्षा तो इतका सरस निघाला, की अजून पाठव म्हणून लगेच मागणी गेली.

उत्तर आलं, एका वेळी दहाच जमतील. कारण कारखाना वगैरे काही नव्हताच. तो हे हेडफोन घरच्या स्वयंपाकघरात बसून हाताने बनवत होता.

मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात आवडतो. मी काळा मॅट रंग बघून पैसे टाकले. त्यांनी गुलाबी कागदाकडे दुर्लक्ष करून कान लावला.

पुढचा भाग तर थेट माझ्या ठणकणाऱ्या कपाळाचा आहे. नौदलाला आवाज पटला, पण ऑपरेटर तासन्‌तास हे डोक्यावर घालून बसणार, तेव्हा आरामाचं काय? बाल्डविनने पट्टी बदलली. चामडं गुंडाळलेल्या दोन लवचीक तारा, आणि कानाचे भाग त्यावर वरखाली सरकवता येतील असे. प्रत्येकाचं डोकं वेगळं, मग पट्टीने डोक्याप्रमाणे बदलायचं. हीच ती पट्टी, जिचं पेटंट त्याला किरकोळ वाटलं.

किरकोळ? माझ्या मते आजही हजार-पंधराशेच्या हेडफोनमध्ये सगळ्यात आधी हीच गोष्ट बघायला हवी. दुकानात मिळालं तर निदान पंधरा मिनिटं डोक्यावर ठेवा, दोन मिनिटांत काही कळत नाही. चष्मा असेल तर चष्म्यासकट घाला. मान खाली घालून बघा, तो सरकतो का. गादी कानावर टेकणारी आहे की कानाभोवती बसणारी, हे बघा. टेकणारी गादी कान चेपते. कानाभोवतीची जास्त आरामाची असते, पण रेक्झिनची असेल तर आपल्या दमट हवेत अर्ध्या तासात घामाने चिकटते. कापडी गादी त्यापेक्षा बरी. गादी निघते आणि वेगळी विकत मिळते का, हेही विचारा. बहुतेक स्वस्त हेडफोनमध्ये आवाजाच्या आधी गादीच सोलवटते.

ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत आधी वाचा आणि त्या दिवसांत तो खरंच वापरा. एक ओळखीचं गाणं लावा, ज्यातला तबला आणि गिटार तुम्हाला पाठ आहे. आणि नुसतं बोलणंही ऐका, एखादी बातमी किंवा लेक्चर. गाण्यात लपलेला दोष बोलण्यात उघडा पडतो. बजेट फारच कमी असेल तर वायरवाला घ्या. त्याच पैशांत बॅटरी आणि ब्लूटूथच्या चिपचा खर्च नसतो, तो आवाजाकडे वळू शकतो. फोनला जॅक नसेल तर छोट्या अडॅप्टरचे पैसे आधीच हिशोबात धरा.

परत युटाकडे. मागणी वाढत गेली आणि पहिल्या महायुद्धात तर विचारूच नका. स्वयंपाकघर सुटलं, सॉल्ट लेक सिटीलगतच्या मिलक्रीक भागात कारखाना उभा राहिला. मग १९२०नंतर रेडिओ प्रसारणाची लाट आली. लोक घरोघरी क्रिस्टल सेट लावायला लागले. या सेटला बॅटरी नसायची. हवेतून अँटेनाने जेवढी ऊर्जा पकडली, तेवढ्यावरच आवाज. स्पीकर चालवणं शक्यच नाही, त्यामुळे हेडफोन हाच रेडिओचा कान. तेव्हाच्या हेडफोनचा रोध साधारण २००० ओहम असायचा, बारीक तारेचे असंख्य वेढे. आज तुमच्या हेडफोनवर १६ किंवा ३२ ओहम लिहिलेलं असतं, कारण फोनमधून मिळणारा व्होल्टेज कमी आणि त्यावर तो पुरेसा वाजायला हवा. स्टुडिओवाला २५० ओहमचा सेकंडहँड हेडफोन स्वस्तात मिळतोय म्हणून उचललात, तर तो फोनवर कुजबुजेल फक्त.

१९२२पर्यंत बाल्डविनच्या कारखान्यात दीडशेच्या आसपास माणसं होती आणि विक्री वर्षाला २० लाख डॉलरपर्यंत गेली होती. तेव्हाचे २० लाख!

इथे थांबलं असतं तर ही एक मस्त स्टार्टअप स्टोरी झाली असती.

पण तो जुना धागा आठवतोय ना? बाल्डविनने आपल्याच मतांच्या लोकांना, म्हणजे बहुपत्नीत्व मानणाऱ्यांना, कारखान्यात काम दिलं. ते चर्चपासून तुटलेले होते, काम मिळणं त्यांना अवघड होतं. यात त्याचं मन मोठं होतं, हे मानावं लागेल. पण मग संचालक मंडळावरही तीच माणसं बसवली. मागेल त्याला पैसे दिले, भलत्यासलत्या योजनांत गुंतवले. दोन पारड्यांचा तोल इतका अचूक साधणाऱ्या माणसाला स्वतःचा जमाखर्च साधला नाही. आणि नेमकं त्याच काळात बाजारात स्पीकरवाले रेडिओ यायला लागले होते. १९२४मध्ये कंपनी बुडाली.

गंमत बघा, मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं जुलै १९२७मध्ये. आपल्याकडे लोक कानाला हेडफोन लावून क्रिस्टल सेटवर गाणं ऐकायला लागले, तोवर हेडफोनचा हा माणूस दिवाळखोर झालेला होता.

अजून वाईट पुढेच होतं. कंपनी पुन्हा उभी करायच्या धडपडीत शेअर विकताना टपालाचा वापर करून फसवणूक केल्याचा आरोप आला. १९३०मध्ये तो सिद्ध झाला. पाच वर्षांची शिक्षा झाली, त्यातली दोनेक वर्षं त्याने मॅकनील बेटावरच्या तुरुंगात काढली. त्याने जाणूनबुजून लुबाडलं की चुकीच्या माणसांवर विसंबला? मला तरी दुसरं जास्त पटतं. पण ज्यांचे पैसे गेले त्यांना या फरकाशी काय देणंघेणं.

सुटल्यावर तो पुन्हा कधी सावरला नाही. मधल्या काळात जग हेडफोनकडे परत वळत होतं. १९५८मध्ये जॉन कॉसने मिलवॉकीत पहिला स्टिरिओ हेडफोन आणला आणि हेडफोन ही संगीत ऐकायची वस्तू झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९ जानेवारी १९६१ला, बाल्डविन वारला. वय ८२. हातात पैसा नव्हता.

आणि माझं काय, म्हणाल तर तो लाल रेघेचा हेडफोन धाकट्या भावाला दिला. त्याचं डोकं लहान आहे, त्याला चावत नाही. मी कापडी गादीचा, वायरवाला, अगदी साधा दिसणारा एक घेतला. परवा सलग अडीच तास मुलाखत टाइप केली, चष्मा लावून.

मिलक्रीकचा तो कारखाना अजून उभा आहे. तिथे आता चित्रकार आणि शिल्पकारांचे स्टुडिओ आहेत.