प्रोफेसर केळफा

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे झाला. चित्रकला व छायालेखन यांबरोबर त्यांनी एका जर्मन जादूगाराकडून जादूविद्याही संपादन केली. आडनावाची अक्षरे उलटी फिरवून ते ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने खेळ करीत.

पुढे त्यांना चित्रपटाचा ध्यास लागला. पण द्रव्य नव्हते. तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले व अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मच्या पट्टीला छिद्रेही पाडली. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

कॅमेरा क्षणभर थांबवून वस्तू उचलली, की पडद्यावर ती अदृश्य होते! काळवंडलेले जादूचे पेले घासून लखलखीत करावेत, तशी फाळक्यांनी आपली जुनी विद्या नव्या कलेसाठी उजळून घेतली. १९४४ साली नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले.